एआयचे प्रशिक्षण: प्रमाणपत्र मिळाले, शिकणे राहिले

गेल्या दोन-तीन वर्षांत ‘शिक्षणात कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर कार्यशाळा झाली नाही असे महाविद्यालय आता शोधावे लागेल. सभागृहात मोठा फलक, पाहुण्यांचा सत्कार, दीड तासाचे इंग्रजी सादरीकरण, शेवटी पाच मिनिटे प्रश्नोत्तरे, मग चहा आणि प्रमाणपत्र. नॅकच्या फाईलसाठी जिओटॅग केलेला फोटो मात्र न चुकता काढला जातो. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक आपल्या वर्गावर जातात आणि आदल्या आठवड्यात शिकवत होते तसेच शिकवतात. कार्यालयातले लिपिक तर त्या सभागृहात बोलावलेलेही नसतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. तेव्हा विद्यापीठाच्या प्रश्नावर मी का बोलावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. आम्हाला बी.एड. करून शाळेत पाठवणारे विद्यापीठच असते. आमच्या शाळेतून बारावी झालेल्या मुली पुढे त्याच महाविद्यालयांत जातात. त्यातल्या अनेक जणी घरातल्या पहिल्याच पदवीधर होणार असतात. त्यांना शिकवणारे प्राध्यापक आणि त्यांचे अर्ज भरून घेणारे कर्मचारी या नव्या साधनाशी कसे वागतात, यावर त्या मुलींचे बरेच काही अवलंबून आहे. प्राध्यापक घाबरले तर त्या मुलींवर कॉपीचा संशय येतो. प्राध्यापकांनी डोळे मिटून विश्वास टाकला तर चुकीचे शिकवले जाते.

माझे म्हणणे असे आहे: विद्यापीठांनी आपल्या प्राध्यापकांना आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना एआय शिकवलेच पाहिजे, पण ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या विषयात आणि त्यांच्या कामाच्या वेळेत शिकवले पाहिजे. या तिन्ही गोष्टी आज होत नाहीत.

अशा दोन प्रशिक्षणांना मी स्वतः बसले आहे. पहिल्यात दीडशे-दोनशे लोक एका सभागृहात होते. वक्ते हुशार होते. त्यांनी पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न टाकला, इंग्रजीत सुंदर उत्तर आले, टाळ्या झाल्या. माझ्या शेजारी एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिका होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मॅडम, हे मराठीत चालतं का?” हाच प्रश्न त्या दिवशीचा खरा प्रश्न होता आणि तो व्यासपीठापर्यंत पोचलाच नाही. तासिकेवर काम करणाऱ्या त्या बाईंचा त्या दिवसाचा मेहनतानाही बुडाला होता, कारण त्या प्रशिक्षणात बसल्या होत्या, वर्गात नव्हत्या.

जगात हे काम कसे चालले आहे तेही पाहू. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ला आले. जानेवारी २०२३मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी आपल्या यंत्रणेवर ते बंद केले आणि मे महिन्यात बंदी मागे घेतली. ऑगस्ट २०२३मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी या तिघांसाठी स्वतःच्या यंत्रणेत एआय साधने उपलब्ध करून दिली. तिथे टाकलेला मजकूर बाहेरच्या कंपनीच्या मॉडेलला शिकवण्यासाठी वापरला जाणार नाही, ही हमी त्यामागे होती. फेब्रुवारी २०२५मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २३ संकुलांतल्या चार लाख साठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना आणि त्रेसष्ट हजार प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना चॅटजीपीटी देण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास त्याच विद्यापीठाच्या सोनोमा संकुलात पैशांअभावी विभाग बंद करण्याचे निर्णय होत होते. तिथल्या प्राध्यापकांनी विचारले की साधनासाठी पैसा आहे, मग माणसांसाठी का नाही? हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. रिक्त पदे वर्षानुवर्षे भरायची नाहीत, तासिकेवर काम चालवायचे आणि वर एआयची वर्गणी भरून आधुनिक झाल्याचे जाहीर करायचे, याला शिक्षणसुधारणा म्हणत नाहीत.

पण उत्तर शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच इतिहासात एक नमुना आहे. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात काढायचे ठरले, तेव्हा १९१७मध्ये विद्यापीठासोबतच दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग उभा राहिला. त्याची सुरुवातीची सूत्रे मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी अनेक वर्षे आपल्या औरंगाबादेतून चालवले. त्या विभागात रसायनशास्त्राचा जाणकार आणि भाषेचा जाणकार एकाच टेबलाशी बसत आणि एकेका पारिभाषिक शब्दावर वाद घालत. शेकडो पुस्तके अशी तयार झाली. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूत शिकवले गेले. मराठवाड्यातली किती तरी मुले, मराठी घरांतलीसुद्धा, त्या पुस्तकांवर शिकली. त्या प्रयोगाबद्दल मतभेद असू शकतात. मातृभाषा मराठी असलेल्यांवर उर्दू माध्यम आले, ही तक्रार खरीच आहे. पण शिक्षकाला वर्गात ढकलण्याआधी त्याच्या हातात त्याच्या भाषेतले सामान द्यावे, ही समज त्या लोकांना होती.

दुसरा नमुना अधिक जवळचा आहे. उर्दूची नस्तालीक लिपी अशी की अक्षर आपल्या शेजाऱ्यानुसार आकार बदलते आणि ओळ तिरकी उतरते. शिशाच्या खिळ्यांनी ती नीट जुळत नव्हती, म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. १९८१मध्ये नूरी नस्तालीक आली, १९९४मध्ये इनपेज आले आणि दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटले. अनेक कातिबांची रोजी गेली, तर काही जण संगणकावर बसले. ते कसे शिकले? राष्ट्रीय उर्दू परिषदेने ठिकठिकाणी वर्षभराचे संगणक अभ्यासक्रम काढले. ते वस्तीत होते, उर्दूत होते आणि रोज तास-दोन तास चालत. आमच्या पिढीतली कित्येक मुले-मुली तिथेच पहिल्यांदा संगणकाला हात लावून बसली. त्या केंद्रांत उणिवा होत्या, यंत्रे जुनी होती. पण शिकायला वर्ष लागते, हे तिथे गृहीत धरलेले होते. आज एआयसाठी दीड तास पुरतो असे आपण का मानतो?

इनपेजच्या गोष्टीला आणखी एक पदर आहे, आणि तो थेट एआयशी जोडलेला आहे. इनपेजमध्ये वर्षानुवर्षे जे टाइप झाले ते युनिकोडमध्ये नव्हते. मराठीचेही तेच. श्रीलिपी आणि तसल्या अनेक फाँटांत आपली पुस्तके, परिपत्रके, प्रश्नपत्रिका अडकून पडल्या. छापायला त्या उत्तम होत्या, पण इंटरनेटवर शोधता येणारा, यंत्राला वाचता येणारा मजकूर म्हणून त्या शून्य. एआय मॉडेल अशाच वाचता येणाऱ्या मजकुरावर शिकते. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाखांच्या आसपास होते आणि देशात उर्दू सांगणारे पाच कोटींच्या वर. इतके लोक असूनही या साधनांत आपल्या भाषा कमकुवत दिसतात, याचे हे एक मोठे कारण आहे.

सुधारणा होते आहे, हेही सांगितले पाहिजे. मे २०२४मध्ये ओपनएआयने नवे मॉडेल आणले, तेव्हा मजकूर तोडण्याची पद्धत बदलली. त्यांनी दिलेल्या उदाहरणात एका छोट्या मराठी मजकुराचे आधी ९६ तुकडे होत होते, ते ३३ झाले. उर्दूचे ८२ होते, तेही ३३ झाले. तुकडे कमी म्हणजे खर्च कमी आणि वेग जास्त. केंद्र सरकारचे भाषिणी आणि आयआयटी मद्रासमधला एआयफॉरभारत हा गटही भारतीय भाषांसाठी काम करत आहेत. म्हणजे ‘आपल्या भाषेत हे चालत नाही’ असे म्हणून हात झटकण्याचे दिवस संपत आले आहेत.

पण कुठे चालते आणि कुठे फसते, हे कोणी तपासायचे? माझ्या अनुभवातले नमुने सांगते. मराठीत प्रश्नपत्रिका मागितली की ‘खालील’ऐवजी ‘निम्नलिखित’ येते, वाक्याची घडण हिंदीची असते. उर्दूत गणिताची उदाहरणे मागितली की दुकानदार लाहोरचा आणि रेल्वे कराचीची निघते, कारण इंटरनेटवरची बरीचशी उर्दू तिकडची आहे. आमच्या बालभारतीच्या उर्दू पुस्तकातला भिवंडी-मालेगावचा मुलगा त्या यंत्राला ठाऊक नाही. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. त्यामुळे एकच लिहिलेला शब्द ‘मुल्क’, ‘मलिक’, ‘मलक’ आणि ‘मिल्क’ असा चार प्रकारे वाचता येतो, आणि अर्थ होतात देश, राजा, फरिश्ता आणि मालमत्ता. अर्थावरून माणूस बरोबर वाचतो, यंत्र कधी वाचते कधी चुकते. आणि सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे एखाद्या लेखकाबद्दल विचारले तर तो न लिहिलेले पुस्तक त्याच्या नावावर लावून, छान ऐटीत, प्रकाशनवर्षासह सांगते.

हे सगळे तपासायला विद्यापीठाच्या मराठी आणि उर्दू विभागांइतके लायक कोण आहे? हदीसच्या अभ्यासाची परंपरा आपल्याला माहीत आहे. हे कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले, सांगणारा विश्वासू होता का, ही साखळी तपासल्याशिवाय रिवायत स्वीकारली जात नसे. एआयने दिलेल्या प्रत्येक संदर्भाला हाच प्रश्न विचारायचा आहे. भाषेच्या प्राध्यापकांचे हे रोजचेच काम आहे. त्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून मागच्या रांगेत बसवण्याऐवजी परीक्षक म्हणून पुढे बसवा. प्रत्येक विभागाने ‘चुकांची वही’ ठेवावी: काय विचारले, काय आले, कुठे चुकले. वर्षभरात अशी वही जमली तर ती कोणत्याही पाहुण्याच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवील.

आता शिक्षकेतर कर्मचाऱ्यांकडे येऊ. एआयचा विषय निघाला की यांची आठवण कोणाला होत नाही, आणि विद्यार्थ्याचे नशीब मात्र बऱ्याचदा यांच्याच खिडकीत ठरते. नावाचेच घ्या. एकच मुलगा आधारवर ‘मोहम्मद’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘महंमद’ आणि बँकेत ‘मो.’ असतो. ‘शेख’ कधी आधी, कधी शेवटी. एवढ्या फरकाने शिष्यवृत्ती अडकते आणि बाप मजुरी बुडवून प्रतिज्ञापत्रासाठी फेऱ्या मारतो. उद्या लिपिकाने दोनशे नावांची इंग्रजी यादी एआयला देऊन ‘मराठीत कर’ म्हटले, तर काम दोन मिनिटांत होईल आणि काही नावे बदललेली असतील. त्या लिपिकाला कोणी सांगितलेले असले पाहिजे की नावे, जन्मतारखा आणि गुण यंत्राकडून आले तर एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून पाहायची. याच लिपिकाला हेच साधन खूप उपयोगी पडू शकते. मंत्रालयाचे लांबलचक परिपत्रक सोप्या मराठीत करणे, शिष्यवृत्तीची सूचना उर्दूत काढणे, पालकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवणे ही कामे पटकन होतील. फायदा आणि धोका एकाच टेबलावर आहेत. तिथे शिकवणी नाही, तर धोकाच आधी पोचेल.

यातच माहितीच्या सुरक्षेचा प्रश्न येतो. विद्यार्थ्याची जात, धर्म, उत्पन्न, आजारपण, वडिलांचा मोबाईल क्रमांक हे सगळे आपल्याकडे अमानत म्हणून असते. ते फुकटच्या खात्यावरून कुठल्याही कंपनीच्या चौकटीत टाकणे म्हणजे अमानतीत खयानत आहे. देशात २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी त्यात पालकांच्या संमतीची अट आहे. अकरावी-बारावीची मुले असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांना हे विशेष लागू होते. यासाठी जाडजूड धोरण नको. काय टाकायचे नाही याची एका पानाची यादी, मराठी आणि उर्दूत, प्रत्येक टेबलाच्या काचेखाली असावी.

प्राध्यापकांची सर्वांत मोठी भीती आहे ती नकलेची. आणि त्यावर काही ठिकाणी उपाय काढला जातो की ‘एआयने लिहिले का’ हे ओळखणारे सॉफ्टवेअर घ्या. हा उपाय आपल्या मुलांसाठी घातक आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये अशी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या ९१ टोफेल निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी ‘एआयचे’ ठरवले. कारण असे की साधे शब्द आणि सरळ वाक्ये यांना ते यंत्राचे लेखन समजतात. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये बंद केले. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने पुढच्याच महिन्यात टर्निटिनमधली ही सोय बंद केली. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीत किंवा मराठीत लिहिताना जपून, साध्याच वाक्यांत लिहिणार. यंत्राच्या शेऱ्यावर तिला कॉपीखोर ठरवणे हा अन्याय आहे, आणि घरून भांडून कॉलेजला आलेल्या मुलीला परत पाठवायला असा एक शेरा पुरतो.

सिडनी विद्यापीठाने यावर दोन मार्गांची पद्धत काढली आहे. काही परीक्षा देखरेखीखाली, समोरासमोर होतात. बाकीच्या कामात एआय वापरायला मुभा असते, पण कसा वापरला ते सांगायचे. आपल्याकडे तोंडी परीक्षा काही नवी नाही. बी.एड.च्या विद्यार्थिनीने पाठ टाचण एआयच्या मदतीने लिहिले असेल, तर लिहू द्या. मग तिला फळ्यासमोर उभी करा आणि विचारा की हा प्रश्न दुसऱ्या पायरीवर का ठेवला, वर्गातले निम्मे हात वर आले नाहीत तर काय करशील? टाचण कोणी लिहिले हे पाच मिनिटांत कळते आणि त्या पाच मिनिटांत तीही काही शिकते. अर्थात यासाठी प्राध्यापकाकडे प्रत्येक विद्यार्थिनीसाठी पाच मिनिटे असली पाहिजेत. म्हणून मी रिक्त पदांचा मुद्दा आधी मांडला.

काही ज्येष्ठ उस्ताद म्हणतात, हे सगळे नकोच. हाताने लिहिणे, पाठांतर, मूळ पुस्तक उघडून पाहणे यातून माणूस घडतो. त्यांच्या बोलण्याचा मी आदर करते, आणि माझ्या वर्गात हस्ताक्षर आणि पाठांतर आजही आहे. ज्यांना हे साधन वापरायचे नाही त्यांच्यावर सक्ती नसावी, त्यांच्या पदोन्नतीत तो गुण धरला जाऊ नये. पण ते काय आहे, हे त्यांनाही माहीत असले पाहिजे, कारण समोरची मुले ते वापरतच आहेत. न वापरण्याचा निर्णयही समजून घेतलेला असावा. कातिबांच्या वेळी आपण हेच पाहिले. ज्याला निवड करायला वेळ आणि शिक्षण मिळाले तो नव्या कामावर बसला. ज्याला मिळाले नाही त्याच्या वतीने बाजाराने निर्णय घेतला.

म्हणून विद्यापीठांकडे मागणी करायची ती नेमकी करू. सभागृहातली व्याख्याने कमी करा. दहा-बारा जणांचे विषयवार गट करा, आठवड्याला एक तास, पूर्ण सत्रभर. हा तास कार्यभारात मोजा आणि तासिकेवरच्या प्राध्यापकांना त्याचा मोबदला द्या. पहिल्या गटांत कार्यालय आणि ग्रंथालय असू द्या. शिकवणारा बाहेरचा पाहुणा असायला हवा असे नाही. कोरोनाच्या काळात आपण ऑनलाइन शिकवायला शिकलो ते बहुतेक शेजारच्या सहकाऱ्याकडूनच, आणि तेच टिकले.

आणि विद्यापीठ जागे होईपर्यंत आपण थांबायची गरज नाही. आपल्या गावांत उर्दू वाचनालये आहेत, महाविद्यालयांत मराठी मंडळे आहेत. रविवारी पाच जण जमा. प्रत्येकाने आपल्याच विषयाचा, ज्याचे उत्तर आपल्याला पक्के ठाऊक आहे असा एक प्रश्न आणावा. तो यंत्राला मराठीत विचारा, मग उर्दूत, आणि आलेले उत्तर एकत्र बसून तपासा. सोबत एक वही आणि मूळ पुस्तक ठेवा.